काळजी करणे आणि काळजी घेणे : दैनंदिन जीवनातील चिंतेविषयी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकडेवारी, ताळेबंद आणि देणगीदारांची नामावली यांबरोबर आरोग्यविषयक एखादा माहितीपर लेख देण्याची प्रथा आहे. आजवर मधुमेह, सर्पदंश, डोळ्यांची निगा अशा विषयांवर आमच्या डॉक्टरांनी लिहिले. यंदाचा विषय 'चिंता' हा असून तो लिहिण्याचे काम डॉक्टरांनी आम्हा कार्यालयातील मंडळींवर सोपविले. त्यांचे म्हणणे असे की, हा त्रास तपासणीच्या खोलीत जितका दिसतो, त्याहून अधिक तुमच्या पैसे भरण्याच्या खिडकीपाशी दिसतो. विचार करता ते खरे वाटले. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे; वैद्यकाचे शिक्षण आमच्यापाशी नाही. म्हणून शरीराविषयी येथे जे लिहिले आहे, ते डॉक्टरांकडून समजून घेऊन त्यांच्याकडूनच तपासून घेतले आहे. अनुभव मात्र आमचे आहेत.

खिडकीपाशी विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाताळगंगा औद्योगिक परिसरात कंत्राटी पद्धतीने काम करणारे, चाळिशीच्या आसपासचे एक गृहस्थ रात्री-अपरात्री आमच्या अपघात विभागात येत असत. छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, हातापायांना मुंग्या आणि 'आता आपण वाचत नाही' ही भावना. दर वेळी इ.सी.जी. काढला जाई, रक्त तपासले जाई आणि सारे काही ठीक निघे. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असे सांगून त्यांना घरी पाठविण्यात येई. पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा येत. मध्यंतरी घरच्यांनी उसने पैसे काढून त्यांना शहरातील मोठ्या रुग्णालयातही दाखवून आणले. तेथेही तेच उत्तर मिळाले.

चौथ्या की पाचव्या खेपेस, पहाटेच्या सुमारास, पैसे भरताना त्यांच्या पत्नीने आमच्या कर्मचाऱ्याला विचारले, "साहेब, दर वेळी काही नाही म्हणता. काही नाही, तर मग ह्यांना होतं ते काय आहे?"

आमच्या दप्तरी त्या कुटुंबाच्या प्रत्येक तपासणीची पावती होती. या प्रश्नाचे उत्तर मात्र कोठेही नव्हते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आपले काम संपले, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो, ही आमची चूक होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या माउलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे म्हटले तरी चालेल.

चिंता म्हणजे शरीराची धोक्याची घंटा

कारखान्यात वायुगळती झाली की भोंगा वाजतो आणि कामगार हातातले काम टाकून मोकळ्या जागी जमतात. शरीरातही असाच एक भोंगा आहे. धोका जाणवताच मेंदू इशारा देतो, मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन हे द्रव्य रक्तात मिसळते आणि क्षणार्धात शरीर पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी सज्ज होते. हातापायांच्या स्नायूंना अधिक रक्त मिळावे म्हणून हृदय वेगाने धावू लागते. श्वास जलद होतो. अंग थंड राहावे म्हणून घाम सुटतो. पचनाचे काम तात्पुरते मागे पडते. त्यामुळे पोटात गोळा येतो, मळमळते, वारंवार शौचास जावेसे वाटते. श्वास गरजेपेक्षा जलद होत राहिला की रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते आणि त्यामुळे बोटांना, ओठांना मुंग्या येतात, डोके हलके होते.

वाटेत साप दिसला तर ही सारी तयारी उपयोगाची असते. परंतु साप नसताना, अंथरुणावर पडल्या पडल्या भोंगा वाजू लागला, तर माणसाला वाटते की शरीरातच काही बिघडले आहे. धडधडीची भीती वाटते आणि त्या भीतीने धडधड वाढते. अशा तीव्र झटक्याचा जोर साधारणतः दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरू लागतो. म्हणजेच त्या गृहस्थांना 'काही नाही' असे कधीच नव्हते. त्यांचे हृदय निरोगी होते, भोंगा मात्र खरोखरच वाजत होता.

असे अनुभव येणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ साली जगभरात सुमारे ३० कोटी १० लाख लोकांना चिंतेच्या विकारांनी ग्रासलेले होते. पुढे कोविडच्या साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत सर्वेक्षण केले. त्यात दर दहा प्रौढांपैकी साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले.

येथे एक सूचना आवर्जून द्यावयाची आहे. हा लेख वाचून कोणीही घरच्या घरी 'ही चिंताच असेल' असा निष्कर्ष काढू नये. छातीवर दडपण येणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, धाप लागणे, भोवळ येणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालय गाठावे. मधुमेह, रक्तदाब वा धूम्रपान असल्यास तर मुळीच थांबू नये. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय, रक्तातील साखर उतरणे यांमुळेही हुबेहूब चिंतेसारखी लक्षणे दिसतात. त्यामुळे पहिली तपासणी आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो तीच तपासणी दहाव्यांदा करण्याचा.

करणे आणि घेणे

आपल्या भाषेत 'काळजी' हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. शब्द एकच, परंतु पहिल्यात माणूस बसल्या जागी झिजतो, तर दुसऱ्यात उठून काही करतो. चिंतेशी कसे वागावे, याचे मर्म आम्हांस या दोन क्रियापदांत सापडले. याचे उदाहरण आपल्याच तालुक्यातील आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळील इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर समाजाची ही वस्ती. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना आणि मदतीस धावलेल्या गिर्यारोहकांना पावसातून, चिखलातून पायी चढून जावे लागले. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. वाचलेल्या कुटुंबांना आधी चौक येथे कंटेनरमध्ये तात्पुरता निवारा मिळाला. त्याआधी दोनच वर्षे, २२ जुलै २०२१ रोजी, आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यातील तळिये गाव असेच दरडीखाली गेले होते.

त्यानंतरच्या पावसाळ्यांत डोंगरकुशीतील पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारींत एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली. अंगदुखी, अपचन, डोकेदुखी सांगता सांगता एखादी वृद्धा म्हणे, "पाऊस धरला की डोळा लागत नाय." रात्री पत्र्यावर सर वाजली की उठून बसायचे, नातवंडांच्या अंगावर हात ठेवून उजाडण्याची वाट पाहायची.

अशा आजीला 'उगाच काळजी करू नका' असे सांगणे अन्यायाचे आहे. डोंगर खरोखरच कोसळला आहे; तिची भीती अवास्तव नाही. तिला सांगावयाचे ते एवढेच की, आजी, ही काळजी रात्रभर जागून करण्याऐवजी दिवसा, सगळे मिळून घेऊ या. डोंगराला नव्या भेगा पडल्या आहेत का, झाडे व खांब कलले आहेत का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे का, हे पाहून तलाठी वा तहसील कार्यालयास कळवावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घराघरांत लिहून ठेवावा. आधार कार्ड, शिधापत्रिका, औषधे आणि विजेरी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तयार असावी. अतिवृष्टीचा इशारा आला की कोणत्या शाळेत किंवा कोणत्या नातेवाइकाकडे जावयाचे आणि म्हाताऱ्या माणसांना कोणी धरून न्यावयाचे, हे आधीच ठरलेले असावे.

एवढे केल्याने पाऊस थांबत नाही आणि गावाला सुरक्षित जागी हलविण्याची शासनाची जबाबदारीही संपत नाही. परंतु भोंगा ज्या कामासाठी वाजला, ते काम झाल्याची पोच मनाला मिळते. पत्राला पोच मिळाली नाही की पाठविणारा पुन्हा पुन्हा स्मरणपत्रे धाडतो. चिंतेचेही तसेच असते.

काळजीची वही

सर्वच काळज्यांना अशी कृती सापडत नाही, हे आम्ही जाणतो. मोहोपाडा-रसायनीच्या वाचकांना वेगळे उदाहरण देण्याची गरज नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि येथील कित्येक कुटुंबांची घरे तिच्या पगारावर उभी राहिली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनी येथील तोट्यातील प्रकल्प बंद करण्यास मंजुरी दिली. 'उद्या काय?' हा प्रश्न या गावाने अगदी जवळून पाहिला आहे. आज कंत्राटाचे नूतनीकरण होईल की नाही, घराच्या कर्जाचा हप्ता चुकेल का, मुलाला प्रवेश मिळेल का, ही त्याचीच निराळी रूपे होत.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो आम्हा हिशेबनिसांना विशेष पटला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो अभ्यासपूर्वक मांडला. काळजीला दिवसातून अर्धा तास नेमून द्यावा. वेळ आणि जागा रोज तीच असावी, मात्र ती झोपेच्या अगदी आधीची नसावी. इतर वेळी काळजी मनात आली, तर 'हे सायंकाळी सहा वाजता पाहू' असे म्हणून वहीत एका ओळीत टिपावे आणि हातातल्या कामाकडे वळावे. नेमलेल्या वेळी वही उघडावी.

वहीत मध्यभागी उभी रेघ ओढून दोन रकाने करावेत. डावीकडे माझ्या हाती असलेल्या गोष्टी, उजवीकडे माझ्या हाती नसलेल्या. 'कंपनी कंत्राट वाढविते की नाही' हे उजवीकडे जाते. 'आपले अनुभवाचे दाखले गोळा करणे', 'दुसऱ्या ठेकेदाराकडे चौकशी करणे', 'बँकेत जाऊन हप्त्याविषयी आधीच बोलणे' हे डावीकडे येते. डाव्या रकान्यातील निदान एका बाबीपुढे तारीख घालावी. उजव्या रकान्यातील नोंदी वाचाव्यात आणि वही मिटावी. काही दिवसांनी मागील पाने चाळली असता असे आढळते की, ज्या गोष्टींनी झोप उडविली त्यांतील अनेक घडल्याच नाहीत आणि ज्या घडल्या त्यांना आपण कसे ना कसे तोंड दिले. डोक्यात राहिलेला हिशेब नेहमीच मोठा वाटतो. कागदावर उतरला की त्याची खरी रक्कम कळते.

टाळाटाळीचे कर्ज

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे वळू. झटके येऊ लागल्यावर त्यांनी प्रथम रात्रपाळी सोडली. मग मोटारसायकल सोडली, कारण रस्त्यात काही झाले तर काय करणार! पुढे बाजाराची गर्दी, लग्नसमारंभ, एकट्याने अंघोळीस जाणेही टाळू लागले. प्रत्येक वेळी टाळल्यावर त्यांना क्षणभर बरे वाटे. पण भीतीचे क्षेत्र मात्र वाढत गेले.

टाळणे म्हणजे भीतीपायी काढलेले कर्ज आहे. आज हातात सुटका मिळते, परंतु व्याज रोज चढते. 'मी गेलो नाही म्हणून वाचलो' अशी मनाची समजूत होते आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट अधिक धोक्याची वाटते. पुन्हा पुन्हा इ.सी.जी. काढून घेणे, नाडी मोजत बसणे, 'मला काही होणार नाही ना?' असे घरच्यांना दिवसातून वीस वेळा विचारणे, हीदेखील या कर्जाचीच रूपे होत.

याची परतफेड हप्त्याहप्त्याने करावयाची असते. ज्याची भीती वाटते त्याच्या पायऱ्या पाडाव्यात आणि सर्वांत सोप्या पायरीपासून आरंभ करावा. त्या गृहस्थांच्या बाबतीत समुपदेशकांनी पहिली पायरी ठरविली ती मेहुण्याबरोबर नाक्यापर्यंत चालत जाण्याची. मग एकट्याने नाक्यापर्यंत. मग दिवसा गाडीवर कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणे. प्रत्येक पायरीवर धडधड होई. ती झाली तरी लगेच माघारी फिरावयाचे नाही, ती आपोआप उतरेपर्यंत तेथेच थांबावयाचे, एवढीच अट होती. थांबल्यावर ती उतरते, हे शरीराला अनुभवाने कळावे लागते. नुसते सांगून कळत नाही. त्रास जुना किंवा तीव्र असल्यास हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावे.

विचारांची तपासणी

चिंताग्रस्त मन शक्यतेला निश्चिती समजते. 'हप्ता चुकू शकतो' या वाक्याचे 'हप्ता चुकणार आणि आपण रस्त्यावर येणार' असे रूपांतर कधी झाले, हे आपल्या ध्यानातही येत नाही. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास या अनुभवावर एक उपचारपद्धती उभारली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो आणि तो तपासून बदलता येतो, हे तिचे सूत्र. महाराष्ट्रात ही विचारपद्धती रुजविण्याचे मोठे कार्य प्रा. कि. मो. फडके यांनी केले. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'स्वभाव-विभाव' या पुस्तकाद्वारे ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली.

व्यवहारात याचा उपयोग असा. 'मुलाला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत' या हट्टाच्या जागी 'मिळावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. न मिळाल्यास वाईट वाटेल, पण त्याचे आयुष्य संपणार नाही' असे स्वतःला सांगून पाहावे. इच्छा तीव्र असावी. तिचा हट्ट झाला की चिंता वाढते.

श्वास, झोप, चहा आणि गोळी

चिंतेचा झटका आल्यास खाली बसावे, पाय जमिनीवर टेकवावेत. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा अधिक असावा. पाच ते दहा मिनिटे असे केल्याने शरीराचा भोंगा हळूहळू शांत होतो. रोज सकाळी सवय केलेली असेल, तर ऐन वेळी ती उपयोगी पडते.

पाळीत काम करणाऱ्यांनी झोपेची वेळ शक्य तितकी ठरलेली ठेवावी, दिवसा झोपावयाचे असल्यास खोलीत अंधार करावा आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळावी. दारूने तात्पुरती झोप लागते, परंतु तिचा अंमल उतरताना चिंता दुपटीने परतते. तंबाखू आणि मशेरीही हृदयाची गती वाढवितात. रोज अर्धा तास भराभर चालणे हेही चिंता कमी करण्यास उपयोगी पडते.

गोळ्यांविषयी दोन शब्द. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी घेऊ नये. अल्प्राझोलामसारख्या औषधांची सवय लागते. म्हणूनच २०१४ पासून त्यांच्या विक्रीवर अधिक कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांनी ती अल्प काळासाठी दिली असल्यास तेवढ्याच काळासाठी घ्यावी. चिंतेच्या दीर्घकालीन उपचारासाठी दिली जाणारी औषधे वेगळी असतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एकदम बंद करू नयेत.

रुग्णाच्या आप्तांसाठी

अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर बसलेली माणसे आम्ही रोज पाहतो. आत एक रुग्ण असतो आणि बाहेर चार. आपण उठून गेलो तर तेवढ्यात काही होईल, या भीतीने ते जेवत नाहीत, झोपत नाहीत. त्यांनाही काळजी करण्याऐवजी काळजी घेता येते. पाळ्या लावाव्यात, एकाने रात्री थांबावे, दुसऱ्याने घरी जाऊन झोपावे. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत आणि भेटीच्या वेळी एकानेच विचारावेत. दूरध्वनीवरून पाहुण्यांना खुशाली कळविण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे.

खर्चाची चिंता तर अनेकदा आजारापेक्षाही मोठी असते. याबाबतीत संकोच करू नये. पहिल्याच दिवशी कार्यालयात येऊन अंदाजे खर्च विचारावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी लागणारी कागदपत्रे कोणती, हे समजावून सांगणे आमचे कर्तव्य आहे.

घरात चिंताग्रस्त व्यक्ती असेल, तर 'नाटके करतो' असे म्हणू नये. त्याचप्रमाणे तिच्यासाठी सारेच टाळून देऊ नये. 'तुला त्रास होतो आहे हे मला दिसते आहे. मी बरोबर आहे, आपण नाक्यापर्यंत जाऊन येऊ,' एवढे पुरते.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे

काळजी बहुतेक दिवस पाठ सोडत नसेल, काम, झोप वा भूक बिघडली असेल, टाळण्याच्या गोष्टी वाढत असतील किंवा व्यसनाचा आधार लागत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटू लागल्यास त्याच दिवशी घ्यावा.

आपल्या भागात मानसोपचाराचे नाव काढले की लोक म्हणतात, "म्हणजे ठाण्याला नेणार का?" ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून कार्यरत आहे आणि तेथे गंभीर आजाराच्या असंख्य रुग्णांची सेवा झाली आहे. परंतु चिंतेच्या रुग्णाला सहसा कोठेही दाखल व्हावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागातील काही भेटी आणि गरजेनुसार औषधे यांवर बहुतेकांना पुष्कळ आराम पडतो. शासनाची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक आहे.

आम्ही काय बदलले

त्या पहाटेच्या प्रश्नानंतर अपघात विभागासाठी एक नियम करण्यात आला. तपासणी नॉर्मल आली तरी 'काही नाही' हे शब्द वापरावयाचे नाहीत. काय झाले, का झाले आणि पुन्हा झाल्यास काय करावे, हे रुग्णाला व आप्तांना बसवून सांगावयाचे आणि त्याची मराठी पत्रिका हाती द्यावयाची. समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतात. पाड्यांवरील लोकांना तेवढ्यासाठी मजुरी बुडवून येणे परवडत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पावसाळ्याचे चार महिने तरी समुपदेशकांनी पाड्यांवर जावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.

देणगीदारांस एक नम्र विनंती. यंत्रासाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते. यंत्र दिसते, त्यावर देणगीदाराचे नाव लिहिता येते. समुपदेशकाचे मानधन हा दरमहाचा खर्च आहे आणि त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही ज्यांनी आजवर विश्वासाने आम्हांस साहाय्य केले, त्यांनी या खर्चाचाही विचार करावा. एका समंजस संभाषणाने टळणाऱ्या अनावश्यक तपासण्या आणि त्यांपायी गरीब कुटुंबावर होणारे कर्ज पाहिले, तर यापेक्षा चोख गुंतवणूक आमच्या हिशेबात दुसरी नाही.

ते गृहस्थ पुन्हा पाळीवर जाऊ लागले. धडधड अजूनही कधीमधी होते. ते बसतात, श्वास मोजतात आणि कामाला लागतात. गेल्या पावसाळ्यात ते पती-पत्नी मुलीच्या तापासाठी आले होते. पैसे भरताना बाईंनी खिडकीपाशी मुलीच्या औषधांविषयी दोन-तीन प्रश्न विचारले, पत्रिका पिशवीत ठेवली आणि आमच्या कर्मचाऱ्याला नमस्कार करून त्या गेल्या. स्वतः गृहस्थांचा केसपेपर त्या वर्षात एकदाही काढावा लागला नाही, अशी आमच्या दप्तरी नोंद आहे.